हळदीला खत नेमकं किती? एका वाढीव पोत्याचा हिशोब

हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे ‘म्हणजे बघा’, ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत आणि द्वारका सर्कलचे हॉर्न अर्थातच लिहिता येत नाहीत. बाकी सगळं जसं बोललो तसंच आहे. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा आकडे कागदावर बघायचे आहेत, त्यांच्यासाठी.

आजचा विषय नाशिकचा नाही. आपल्याकडे द्राक्ष, कांदा, टोमॅटो. हळद म्हटली की सांगली, सातारा आणि आता मोठ्या प्रमाणावर हिंगोली-नांदेड. पण माझ्या टीममधला एक सहकारी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातला आहे. घरी दोन एकर हळद. त्याने लंच टेबलवर प्रश्न टाकला: “आमच्या शेजाऱ्याने एकरी सहा पोती युरिया आणि दोन पोती डीएपी टाकलंय, त्याचं पीक गळ्याएवढं झालंय. बाबा म्हणतायत आपणही एकेक पोतं वाढवू. वाढवावं का?”

प्रश्न साधा वाटतो. पण हळद हे नऊ महिन्यांचं पीक. एकरी साधारण दहा क्विंटल बेणं, शेणखत, गादीवाफे, ठिबक, निंदणी, काढणी, शिजवणं, पॉलिश असा सगळा खर्च आधी आणि पैसा पुढच्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये. मध्येच निर्णय चुकला तर दुरुस्तीला दुसरी संधी नाही. म्हणून हा प्रश्न नीट सोडवू. मी कृषी पदवीधर नाही, बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे शिफारशी विद्यापीठाच्या, आणि गणित माझं.

आधी शिफारस काय आहे ते बघू

सांगलीजवळ कसबे डिग्रज इथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं हळद संशोधन केंद्र आहे. या विद्यापीठाची शिफारस आहे हेक्टरी २०० किलो नत्र, १०० किलो स्फुरद, १०० किलो पालाश. सोबत चांगलं कुजलेलं शेणखत, हेक्टरी किमान २५ टन. स्फुरद आणि पालाश पूर्ण मात्रेत लागवडीच्या वेळी. नत्र दोन समान हप्त्यांत: पहिला लागवडीनंतर ४५ दिवसांनी, दुसरा भरणीच्या वेळी, साधारण १०५ दिवसांनी.

आता हेक्टरमध्ये कोण विचार करतं? एक सोपी युक्ती. एक हेक्टर म्हणजे जवळपास १०० गुंठे. म्हणून हेक्टरी २०० किलो म्हणजे गुंठ्याला २ किलो नत्र, १ किलो स्फुरद, १ किलो पालाश. ४० गुंठ्यांच्या एकराला ८०, ४०, ४०. झालं पाठ.

पण पोत्यावर ‘नत्र’ लिहून विकत मिळत नाही. युरियात नत्र ४६ टक्के. ८० किलो नत्रासाठी ८० भागिले ०.४६, म्हणजे सुमारे १७४ किलो युरिया. पोतं आता ४५ किलोचं असतं, म्हणजे चार पोत्यांना थोडं कमी. दोन हप्ते केले की पहिल्याला दोन पोती, भरणीला दोन पोती. ४० किलो स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट (१६ टक्के) २५० किलो, म्हणजे ५० किलोची पाच पोती. ४० किलो पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश (६० टक्के) सुमारे ६७ किलो.

सुपरऐवजी डीएपी वापरलं तर हिशोब बदलतो. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. ८७ किलो डीएपीतून ४० किलो स्फुरद मिळतं आणि त्याबरोबर जवळपास १६ किलो नत्रही येतं. ते युरियातून वजा करायचं. म्हणजे युरिया १७४ नाही, १४० किलोच.

आता शेजाऱ्याचं पीक मोजू. सहा पोती युरिया म्हणजे २७० किलो, त्यात नत्र १२४ किलो. दोन पोती डीएपी म्हणजे आणखी १८ किलो. एकूण १४२ किलो नत्र, शिफारशीच्या पावणेदोन पट. स्फुरद ४६ किलो, जवळपास बरोबर. आणि पालाश? शून्य. शेणखतातून येईल तेवढंच.

खत वाढवलं की उत्पादन कसं वाढतं

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: खत आणि उत्पादन यांचं नातं सरळ रेषेचं नाही. सुरुवातीला रेषा झपकन वर जाते, मग वाकते, मग सपाट होते आणि शेवटी खाली येते.

एक उदाहरण घेऊ. पुढचे आकडे मी रेषेचा आकार समजावा म्हणून बनवलेत, कुठल्याही प्रयोगातले नाहीत. समजा एका एकरात फक्त नत्र बदललं, बाकी सगळं तेच ठेवलं.

नत्र ० किलो: ओली हळद ९० क्विंटल
नत्र ४० किलो: ११८ क्विंटल
नत्र ८० किलो: १३५ क्विंटल
नत्र १२० किलो: १४० क्विंटल
नत्र १६० किलो: १३७ क्विंटल

पहिल्या ४० किलोंनी २८ क्विंटल दिले. दुसऱ्या ४० किलोंनी १७. तिसऱ्यांनी फक्त ५. चौथ्यांनी ३ क्विंटल उलटे काढून घेतले. म्हणून ‘खताने उत्पादन वाढतं का’ हा प्रश्नच अपुरा आहे. खरा प्रश्न असा: आत्ता आपण रेषेवर कुठे उभे आहोत, आणि पुढचं पोतं किती देणार?

कृषी विद्यापीठं शिफारस काढतात ती याच पद्धतीने. शेजारी-शेजारी लहान वाफे, प्रत्येकात नत्राची वेगळी मात्रा, कुठल्या वाफ्यात कुठली मात्रा ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, प्रत्येक मात्रा तीन-चार वेळा, आणि हे सगळं दोन-तीन हंगाम. एका वर्षी पाऊस जास्त झाला म्हणून आकडा फसू नये, यासाठी एवढा खटाटोप. शेजाऱ्याचं शेत म्हणजे एक वाफा, एक हंगाम, आणि तुलनेला काहीच नाही.

मग सगळे जास्त युरिया का टाकतात?

इथे मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला. आपण शहरात बसून पटकन म्हणतो, शेतकऱ्याला कळत नाही. पण जरा पैशाचा हिशोब करा.

युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. त्यात नत्र २०.७ किलो. म्हणजे एक किलो नत्र सुमारे १३ रुपयांना. वरच्या उदाहरणातले तिसरे ४० किलो नत्र म्हणजे खर्च सव्वापाचशेच्या आत. त्याने ५ क्विंटल ओली हळद जास्त दिली. शिजवून वाळवून साधारण पाचवा हिस्सा उरतो, म्हणजे १ क्विंटल वाळलेली. आता हळदीचा भाव पडलेल्या वर्षीही एक क्विंटलचे काही हजार येतातच. सव्वापाचशे घालून काही हजार! कागदावर हा सौदा कोण सोडेल?

म्हणजे जास्त युरिया टाकणारा माणूस वेडा नाही. भाव त्याला ‘थांब’ म्हणतच नाही. २०१० पासून स्फुरद-पालाशाच्या खतांना पोषणमूल्यावर आधारित अनुदान लागू झालं आणि युरिया त्या योजनेच्या बाहेर, नियंत्रित किमतीतच राहिला. परिणाम असा की पोटॅशचं ५० किलोचं पोतं दीड हजाराच्या पुढे जातं, आणि त्यातून मिळणारं पालाश ३० किलो. किलोला ५० रुपये. नत्र १३ ला, पालाश ५० ला. दुकानात उभा असलेला माणूस कुठलं पोतं उचलेल?

म्हणून थांबायचं कुठे हे दुकानातला भाव सांगणार नाही. ते पीक आणि जमीनच सांगणार. आणि पिकाच्या बाजूने तीन गोष्टी आहेत ज्या त्या कागदी सौद्यात धरलेल्याच नाहीत.

पहिली गोष्ट: पाला आणि कंद यांची वेळ वेगळी

हळदीचं आयुष्य ढोबळमानाने चार टप्प्यांत पडतं. पहिला दीड-दोन महिना उगवण आणि मुळं धरणं. दुसऱ्या महिन्यापासून पाचव्यापर्यंत पानं, फुटवे, उंची. पाचव्या महिन्यापासून सातव्या-आठव्यापर्यंत कंद भरणं, म्हणजे पानांनी तयार केलेलं अन्न खाली उतरून हळकुंडं जाड होणं. शेवटी पक्वता, पाला पिवळा पडून वाळणं.

नत्र मुख्यतः पाला बनवतं. पाला म्हणजे पिकाचा कारखाना, त्यामुळे पहिल्या साडेतीन महिन्यांत नत्र हवंच. म्हणूनच दोन्ही हप्ते १०५ दिवसांच्या आत बसवलेत. १ जूनची लागवड धरली तर पहिला जुलैच्या मध्याला, दुसरा सप्टेंबरच्या मध्याला. पण नोव्हेंबरमध्ये युरिया दिला तर झाड पुन्हा पाल्याकडे वळतं. जे अन्न खाली उतरायचं ते वर खर्च होतं. शेत लांबून झकास दिसतं, गळ्याएवढं दिसतं, पण बाजारात पाला विकत नाहीत.

वर पक्वता लांबते. अपक्व हळद काढली की शिजवल्यावर उतारा पडतो. विद्यापीठाच्या ‘फुले स्वरूपा’ वाणाचा उतारा २२ टक्के सांगितला जातो, पण तो पूर्ण पक्व हळदीचा. आता उदाहरणाकडे परत या. १४० क्विंटल ओली, उतारा २० टक्के, वाळलेली २८ क्विंटल. १३५ क्विंटल ओली, उतारा २१ टक्के, वाळलेली २८.३५ क्विंटल. उताऱ्यात फक्त एका टक्क्याचा फरक, आणि ते जादा पाच क्विंटल हवेत गेले. शिवाय पाच क्विंटल जास्त खणायला, उचलायला, शिजवायला मजुरी लागली ती वेगळीच.

दुसरी गोष्ट: अडलंय कुठे ते बघा

आमच्या कामात एक रोजचा प्रसंग. ॲप हळू चाललंय, कोणीतरी म्हणतं सर्व्हर वाढवा. सर्व्हर दुप्पट केले तरी ॲप तसंच, कारण अडथळा डेटाबेसमध्ये. शेतीत हीच गोष्ट श्प्रेंगेल आणि लीबिग या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवली आहे: पीक सर्वांत कमी असलेल्या अन्नद्रव्याएवढंच वाढतं. बाकीची कितीही ओता.

हळदीला पालाश भरपूर लागतं, कंद भरण्याच्या काळात तर विशेष. पालाश कमी असताना नत्र वाढवलं तर पाला वाढेल, हळकुंड तेवढं भरणार नाही. आपल्या काळ्या जमिनीत मुळात पालाश बऱ्यापैकी असतं हे खरं. पण वर्षानुवर्षं ऊस, केळी, हळद घेऊन फक्त युरिया-डीएपी टाकत राहिलं तर तो साठा किती दिवस पुरणार?

दुसरा अडथळा लोहाचा. चुनखडीयुक्त, विम्लधर्मी जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. पानं पिवळी पडतात. पिवळं दिसलं की हात युरियाच्या पोत्याकडे जातो, आणि इथेच घोटाळा होतो. ओळखायचं कसं?

खालची, जुनी पानं आधी आणि सगळीकडून फिकट होत असतील तर नत्राची कमतरता. कारण नत्र झाडात हलतं, झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं.

वरची, कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. लोह झाडात हलत नाही, म्हणून नवी पानं उपाशी राहतात. इथे फेरस सल्फेट लागतं. युरियाने काही होत नाही.

जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या वाळत असतील तर पालाशाकडे संशय. मात्र पानावर ठिपके असतील तर तो करपा रोग असू शकतो.

आणि झाड पिवळं पडून, हलकं ओढताच बुंध्यातून निघून येत असेल, खाली कुजका वास येत असेल, तर ती कंदकूज. पाणी साचणं हे तिचं मोठं कारण. इथे युरिया टाकणं म्हणजे आगीत तेल. आधी चर काढून पाणी बाहेर काढा आणि लगेच सहायक कृषी अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्राला दाखवा.

तिसरी गोष्ट: टाकलेलं सगळं पिकाला मिळत नाही

युरिया जमिनीवर फेकला, जमीन विम्लधर्मी, ऊन पडलेलं, तर त्यातलं बरंचसं नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं. जोराचा पाऊस किंवा पाट पाणी आलं तर नायट्रेट होऊन मुळांच्या खाली निघून जातं, पुढे विहिरीत. आपल्याकडच्या बहुतेक पिकांत टाकलेल्या नत्रापैकी ३० ते ५० टक्केच पिकाच्या उपयोगी पडतं असं साधारण मानलं जातं.

म्हणजे वाढीव पोतं विकत घेण्याआधी, आहे त्याच चार पोत्यांची गळती थांबवणं स्वस्त पडतं. भरणीच्या वेळी दुसरा हप्ता देण्यामागे हाही फायदा आहे: खत मातीआड जातं, आणि उघडे पडलेले कंदही झाकले जातात. ठिबक असेल तर तेच नत्र लहान-लहान हप्त्यांत मुळाशी देता येतं. फक्त हप्ते वाढले म्हणून एकूण मात्रा वाढवायची नाही, आणि कंद भरायला लागले की भर नत्रावरून पालाशाकडे न्यायचा.

शेणखतही हिशोबात धरा. चांगल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. एकरी १० टन म्हणजे ५० किलो नत्र, पालाशही जवळपास तेवढंच. सगळं पहिल्याच वर्षी मिळत नाही, हळूहळू सुटतं. पण दरवर्षी शेणखत पडणाऱ्या रानात ‘चार पोती कमी पडतील’ ही भीती बरीचशी अनाठायी असते.

केरळात एवढं कमी का?

शोधताना एका गोष्टीने मी चमकलो. केरळ कृषी विद्यापीठाची हळदीची शिफारस हेक्टरी ३०:३०:६०. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेची ६०:५०:१२०. आणि आपली २००:१००:१००. पीक एकच, नत्र सातपटीपर्यंत वेगळं!

कोणी चूक नाही. केरळात हळद बरीचशी पावसावर, अनेकदा नारळाच्या बागेत आंतरपीक म्हणून, सेंद्रिय पदार्थ जास्त असलेल्या आम्लधर्मी जमिनीत. धो धो पावसात पालाश वाहून जातं, म्हणून तिथे पालाश नत्राच्या दुप्पट. आपल्याकडे बागायती हळद, उन्हाळ्याच्या शेवटी लागवड, सेलमसारखे जोमदार वाण आणि हेक्टरी साडेतीनशे क्विंटलच्या आसपास ओल्या हळदीचं लक्ष्य. जेवढं रानातून उचलायचं, तेवढं परत द्यावं लागतं. म्हणून यूट्यूबवर दुसऱ्या राज्याचा खताचा तक्ता दिसला की उचलू नका. आकडा जमिनीला आणि लक्ष्याला बांधलेला असतो.

मग करायचं काय?

एक. माती परीक्षण लागवडीआधी. मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ मध्ये सुरू झाली, तिच्यात १२ गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाशसोबत गंधक, जस्त, लोह, बोरॉन, सामू, सेंद्रिय कर्ब वगैरे. आमच्या नाशिककडे द्राक्षवाले देठ परीक्षण करून खताचा डोस ठरवतात. हळदीच्या एकरावर लागणारा खर्च बघता निदान मातीची चाचणी तरी हवीच.

दोन. आधी पालाश आणि लोह बघा, मग नत्र. वाढीव पोत्याचे पैसे असतील तर त्यातून थोडं पोटॅश आणा.

तीन. शेवटचा युरिया भरणीला. त्यानंतर पाला फिकट वाटला तर आधी वरची पानं की खालची, ते पाहा.

चार. स्वतःच्या रानात प्रयोग करा. सारख्याच जमिनीतले सहा गादीवाफे निवडा. दोनांना नत्र पाऊण मात्रा, दोनांना पूर्ण, दोनांना सव्वा. वाफे एकाआड एक ठेवा, खुंट्यांवर रंगाने खूण करा, बाकी सगळं सारखं. काढणीला प्रत्येक वाफ्याच्या मधल्या दहा फुटांतली हळद वेगळी तोला, कडेची नको. मग तीच हळद वेगवेगळ्या जाळीच्या पिशव्यांत शिजवा, वाळवा आणि पुन्हा तोला. दुसरं वजन महत्त्वाचं, कारण पैसे त्याचे मिळतात.

सहकाऱ्याच्या बाबांनी काय केलं? फोन स्पीकरवर होता. सगळं ऐकून ते म्हणाले, “पोतं आणलंय खरं, पण आता दोनच वाफ्यांना टाकतो. बघू तरी.” मला विचाराल तर हे उत्तर माझ्या सगळ्या गणितापेक्षा चांगलं होतं.

तुमच्याकडे हळद असेल तर ओल्याचं आणि वाळलेल्याचं वजन, नत्राची मात्रा आणि उतारा एवढे चार आकडे लिहून ठेवा आणि जमलं तर पाठवा. पुढच्या भागात हळद शिजवण्याबद्दल बोलू: कुकर, कढई, आणि हळकुंड जास्त शिजलं की नेमकं काय बिघडतं. तोपर्यंत काळजी घ्या, भेटूच.